टूल रेस्टकडे कुणी बघणार आहे का?
बेंच ग्राइंडर (टूलला धार लावायचं मशीन) घ्यायचा म्हटलं की जो तो हॉर्सपॉवर आणि आरपीएमवरच सुटतो. अरे पण टूल रेस्टचं, म्हणजे व्हीलसमोर टूल टेकवायच्या आधाराचं काय?? वाकवलेल्या पत्र्याचा तुकडा, कसाबसा बोल्टवर लटकवलेला, लेथचं टूल जरा दाबून धरलं की खाली झुकतो, मग ८ अंशांचा क्लिअरन्स (धारेखालचा उतार) धरायचा कसा? त्यात व्हील डुगडुगतं, कितीही ड्रेसिंग करा (व्हील घासून सारखं करा), परत तेच. सोबत येणारं करडं व्हील एचएसएसला (हाय स्पीड स्टीलच्या टूलला) एकवेळ चालेल पण त्याच्यावर कार्बाइड (त्याहून खूप कठीण टूल) घासायला सांगणारे कोण लोक आहेत हे? कार्बाइडला हिरवं सिलिकॉन कार्बाइड नाहीतर डायमंड व्हील लागतं, एवढं खोक्यावर छापायला काय जातं? मोटर दणकट देता ना, मग रेस्टलाही जाड प्लेट द्या, अँगल लावून घट्ट आवळता येईल अशी!