चार-शून्य कसं वापरावं

हरल्यावर बोलायला अक्कल लागत नाही. कोच बदला, पैसा खाल्ला, पोरांत जिद्दच नाही, ही तीन वाक्यं आळीपाळीने म्हटली की कुठल्याही खेळाचं पोस्टमॉर्टम होतं. खरी परीक्षा जिंकल्यावर असते, त्यातही पाकिस्तानला हरवल्यावर, त्यातही फुटबॉलमध्ये. सवय नाही ना आपल्याला. अशा विजयाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला नागपूरच्या एखाद्या पानठेल्यावर नवखा माणूस काहीतरी बोलून बसतो आणि पुढचे सहा महिने त्याच्याकडे संशयाने पाहिलं जातं. मी तसा बोलून बसलेला माणूस आहे. माझ्यावर आलं ते तुमच्यावर येऊ नये म्हणून हे चार शब्द.

उदाहरणाला २१ जून २०२३ घेऊ. बंगळुरूचं कांतीरवा स्टेडियम, दक्षिण आशियाई देशांचा सॅफ चषक, भारत चार, पाकिस्तान शून्य. कॅप्टन सुनील छेत्रीची हॅटट्रिक, चौथा गोल उदांता सिंगचा. एवढं पाठ करा आणि थांबा. याहून जास्त माहिती असणं धोक्याचं आहे, का ते पुढे कळेल.

सामना पाहिला नव्हता हे कबूल करू नका. ठेल्यावरच्या कुणीच पाहिलेला नसतो. त्या रात्री अर्धं नागपूर कूलरसमोर लोळत पावसाची वाट पाहत होतं आणि निकाल साडेनऊनंतर स्टेटसवरून कळला. मात्र 'मी अख्खी मॅच पाहिली' असंही ठोकू नका, कुणीतरी खोलात शिरेल. 'सेकंड हाफ पाहिला' म्हणावं. यात जेवण करून बसल्याचा प्रामाणिकपणा आहे आणि दोन गोलांच्या हिशेबातून सुटकाही.

मग शब्द. 'धुतलं' हा सर्वोत्तम. मराठीने दिलेलं हे फार सोयीचं क्रियापद आहे: कुणी, कुणाला, कशाने, कुठल्या मिनिटाला, काहीच सांगावं लागत नाही. 'धुतलं ना काल!' म्हटलं की समोरचा 'मंग काय त!' म्हणतो आणि समीक्षेचा पूर्वार्ध संपतो. उत्तरार्धासाठी क्रिकेटचं सामान वापरायला हरकत नाही. छेत्रीने कॅप्टनची इनिंग खेळली, ओपनिंग जबरदस्त मिळाली, शेवटी उदांताने फिनिश केलं. हे कुणालाही खटकत नाही. त्याआधी दहाच दिवस झाले होते, ओव्हलवर कसोटी अजिंक्यपदाच्या फायनलमध्ये ऑस्ट्रेलियाने आपल्याला २०९ धावांनी हरवून. त्या जखमेवर लावायला चार-शून्यचं मलम अगदी वेळेवर आलं होतं. मलमाच्या ट्यूबवर खेळाचं नाव कोण वाचतो?

आता माझी चूक सांगतो. मी सामना खरंच पाहिला होता. पहिल्या मिनिटापासून. बंगळुरूत धो धो पाऊस, वीस हजारांवर माणसं भिजत बसलेली, आणि दहाव्या मिनिटाला पाकिस्तानच्या गोलकीपरकडे मागे दिलेला साधा पास आला. त्याला तो नीट मारता आला नाही, छेत्री अंगावर धावत आलेलाच होता, गोल. सोळाव्या मिनिटाला हँडबॉल, पेनल्टी, गोल. चौऱ्याहत्तराव्याला पुन्हा पेनल्टी, पुन्हा गोल. उदांताचा मात्र देखणा होता: अन्वर अलीने मागून लांब चेंडू टाकला, उदांता त्यामागे सुसाट सुटला आणि कीपरला चकवून मोकळा झाला.

हे सगळं डोक्यात ताजं असताना मी ठेल्यावर गेलो. ठेलेवाला पन्नीत खर्रा घोटत होता. सुपारी, तंबाखू, चुना, आणि त्या पन्नीवर तळव्याचा तो एकसारखा चर्र-चर्र आवाज. भोवती पाच-सहा जण. चर्चा रंगली होती, आणि मी, ज्याला कुणी विचारलं नव्हतं, बोलून गेलो, "जिंकलो ते चांगलंच झालं हो, पण दोन पेनल्टी होत्या. पहिला गोल तर त्यांच्या कीपरने दिला. चालत्या खेळातून आपण बनवलेला गोल एकच."

ठेलेवाल्याचा हात थांबला. घोटता घोटता हात थांबणं ही आपल्याकडे साधी गोष्ट नाही. तिकडे मंत्रिमंडळ पडलं तरी तो आवाज थांबत नाही. गळ्यात बँकेचं ओळखपत्र अडकवलेले एक सद्गृहस्थ माझ्याकडे वळले. "काहून बे, तू पाकिस्तानचा होय का?"

मी म्हणालो, मी प्रतापनगरचा.

"मंग तुले काहून दुखून राहिलं?"

याला उत्तर नाही. शोधूही नका. तेव्हा पहिला धडा हा, की गोल मोजा, पण गोलाची चौकशी करू नका. विजयाचं मूल्यमापन तर्री-पोह्यासारखं करायचं असतं. खाली पोहे मूठभर का असेनात, वरून तर्री अशी ओता की पोहे दिसताच कामा नयेत.

याच कारणाने प्रतिस्पर्ध्याबद्दलच्या काही गोष्टी माहीत असूनही तुम्हाला माहीत नसाव्यात. व्हिसाच्या घोळात पाकिस्तानचा संघ मॉरिशसहून येऊन त्याच दिवशी बंगळुरूत उतरला होता आणि संध्याकाळी मैदानात होता. कुणी हे काढलंच तर 'मंग आपण काय हारतुरे घेऊन विमानतळावर जायचं होतं का?' असा उलट प्रश्न टाका. फुटबॉलच्या जागतिक क्रमवारीत आपण १०१ आणि ते १९५ होते, हा आकडा तर तोंडातूनही काढू नका. दहावीच्या पोराने दुसरीतल्या पोराला कुस्तीत पाडलं तर आई आधी दहावीवाल्यालाच रट्टा देते, हे प्रत्येकाच्या मनात खोल कुठेतरी असतं. ते वर यायला नको. फिफाने, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, त्यांच्या फुटबॉल महासंघाला चार वर्षांत दोनदा निलंबित केलं होतं, यावर हसायला हरकत नाही. फक्त लवकर हसून घ्या, कारण ऑगस्ट २०२२ मध्ये हाच प्रसाद आपल्या महासंघालाही मिळाला होता. अकरा दिवसांत सुटलो म्हणून गाजावाजा कमी.

डावपेचांवर बोलायची वेळ आली तर प्रशिक्षकाच्या लाल कार्डावर बोला. हा तर खजिना आहे. हाफटाइमच्या जरा आधी पाकिस्तानचा खेळाडू थ्रो-इन घ्यायला चेंडू डोक्यावर धरून उभा, आणि आपले क्रोएशियन कोच इगोर स्टिमॅच यांनी मागून येऊन तो हातातून उडवला. धक्काबुक्की, बाचाबाची, लाल कार्ड, साहेब बाहेर. नव्वद मिनिटांत संघ कुठल्या रचनेत खेळला, मधली फळी कुठे मोकळी पडत होती, हे ठेल्यावर कुणी विचारलं नाही. ही वीस सेकंदांची क्लिप मात्र सगळ्यांनी प्रत्येकी आठ वेळा पाहिली होती. 'असा पायजे कोच!' यावर एकमत झालं. हा माणूस १९९८ च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाच्या संघात होता, ही माहिती कुणी दिली असती तरी फरक पडला नसता. चेंडू उडवणं हे त्याचं भारतीय फुटबॉलला सर्वांत मोठं योगदान ठरलं होतं.

(त्यानंतर बाकावरून संघ सांभाळला तो सहायक महेश गवळी यांनी. आडनाव ऐकून एकाने "आपलाच माणूस होय, विदर्भातला असन" असं जाहीर केलं. गवळी गोव्याचे, आणि भारताचे एके काळचे भरवशाचे बचावपटू. पण मी एव्हाना शहाणा झालो होतो. होऊ द्या विदर्भातले.)

एक वर्षाने, जून २०२४ मध्ये, स्टिमॅच यांना काढून टाकलं, तेव्हा त्याच ठेल्यावर त्याच ओळखपत्रवाल्यांनी "मी त पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, कोचचं डोकं ठिकाणावर नाही" असं सांगितलं. हे कसब शिकून घ्या. विजयानंतरचं प्रत्येक विधान असं करावं की वर्षभराने उलटं करून घालता आलं पाहिजे, सदऱ्यासारखं.

भाकितांत कंजुषी करू नका. पाकिस्तानला हरवल्यावर दोन चहांच्या आत वर्ल्ड कपपर्यंत पोहोचलं पाहिजे. त्या वर्षी तर नशीबही साथीला होतं. लेबनॉन आणि कुवेतला पेनल्टी शूटआउटवर हरवून आपण चषकही घेतला, क्रमवारीत ९९ झालो. पहिल्या शंभरात! एकाने लगेच दर वर्षी चोवीस जागा धरून हिशेब मांडला आणि २०२७ पर्यंत आपण ब्राझीलच्या शेजारी राहायला गेलो. हिशेब बरोबर होता. मी तपासला.

पुढे जानेवारी २०२४ मध्ये कतारला आशिया चषक झाला. ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया. तीन सामने, तीन पराभव, सहा गोल खाल्ले, एकही केला नाही. अशा वेळी काय करायचं? काहीच नाही. त्या वेळी ठेल्यावर अयोध्येचा विषय होता, थंडीचा होता, हुर्ड्याचा होता. फुटबॉलचा नव्हताच. नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्यात बांगलादेशने आपल्याला १-० ने हरवलं, तब्बल बावीस वर्षांनी. दोनच दिवस आधी ईडन गार्डन्सवर दक्षिण आफ्रिकेविरुद्धची कसोटी गेली होती, त्यामुळे चर्चा खेळपट्टीवर होती आणि फार सखोल होती. क्रमवारीत आपण १४२ वर गेलो ते कुणाला कळलं नाही. शंभराच्या आत गेलेला आकडा स्टेटसवर येतो. बाहेर आलेल्याला पायीच घरी यावं लागतं.

इतिहास हवाच असेल तर दोन चिमटी पुरे. १९५१ आणि १९६२ ची एशियाडची सुवर्णपदकं. आणि १९५० च्या वर्ल्ड कपला आपण बूट नव्हते म्हणून गेलो नाही, ही गोष्ट. ती खरी नाही, महासंघालाच त्या स्पर्धेचं फारसं महत्त्व वाटलं नव्हतं. पण अनवाणी पायांना टाळी पडते, महासंघाच्या उदासीनतेला पडत नाही.

छेत्रीबद्दल बोलताना गळा भरून आला पाहिजे. येऊ द्या, त्यात खोटं काही नाही. २००५ मध्ये क्वेट्टात, पाकिस्तानविरुद्धच, पहिला सामना आणि पहिला गोल. अठरा वर्षांनी, अडतिसाव्या वर्षी, पुन्हा पाकिस्तानविरुद्ध हॅटट्रिक. फक्त अडतिशीतल्या माणसालाच तीन गोल का करावे लागतात, बाकीचे पुढे खेळणारे कुठे आहेत, हा प्रश्न तिथे विचारू नका. तो त्यांनी जून २०२४ मध्ये निवृत्त होऊन विचारून पाहिला. नऊ महिन्यांनी त्यांनाच परत बोलवावं लागलं.

एवढी तयारी झाली की तुम्ही कुठेही चालाल. फक्त एक काळजी घ्या: आजूबाजूला कामठीचा माणूस नाही ना, हे बघून घ्या.

कामठी आपल्यापासून पंधरा-सोळा किलोमीटर. इंग्रजांची जुनी छावणी, आणि तिथे फुटबॉल हा टीव्हीवरचा खेळ नाही. रब्बानी क्लबचं नाव तिथे लोक घरच्या माणसासारखं घेतात. त्या सकाळी ठेल्यावर एक मालवाहू ऑटोवाला खर्रा घ्यायला थांबला होता. पन्नाशीचा, डाव्या गुडघ्यावर जुन्या टाक्यांची लांब रेघ, चालताना पाय किंचित बाहेर टाकायचा. सगळ्यांचं ऐकत होता. ओळखपत्रवाल्यांनी उत्साहाने त्यालाही ओढलं, "काय म्हणता काका, धुतलं का नाही?"

"धुतलं ना," तो म्हणाला. "लेफ्ट बॅक कोण होता?"

शांतता.

टोमणा नव्हता तो. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. आवाजावरून वाटलं, स्वतः कधीतरी त्या जागेवर खेळला असावा. सगळे माझ्याकडे पाहायला लागले, कारण गुन्हा कबूल केलेला मीच एकटा होतो. पण दोन पेनल्ट्या मोजणाऱ्या मलाही लेफ्ट बॅक आठवेना. शेवटी कुणीतरी म्हणालं, "होता बाप्पा एक, चांगला खेळला." ऑटोवाल्याने मान डोलावली, पुडी खिशात टाकली, आणि जाता जाता म्हणाला, "संध्याकाळी पोरांची मॅच आहे आमच्याकडे. या. माणसं नसतात पाहायला."

२०१८ मध्ये छेत्रींनी हेच सांगायला कॅमेऱ्यासमोर हात जोडले होते. मुंबईत भारताने पाच-शून्यने जिंकलेला सामना पाहायला २,५६९ माणसं आली होती, तेव्हा. शिव्या द्या, पण स्टेडियमात येऊन द्या, अशा अर्थाचं ते आर्जव होतं आणि पुढचा सामना हाऊसफुल्ल झाला. पण तो छेत्री होता. हा ऑटोवाला.

अशा निमंत्रणाला 'येतो ना काका' म्हणावं. सगळ्यांनी म्हटलं, मीही म्हटलं. दुसऱ्या दिवशी तो भेटलाच आणि त्याने विचारलंच, तर ढग आले होते असं सांगा. पावसाचं काही खरं नव्हतं काका, एवढ्या पावसात कोण मॅच पाहतं?