फोटो टाकू नका, म्हणे!

परवा आमच्या कॉलेजात सायबर जनजागृती पार पडली. हॉल भरलेला, कारण हजेरी सक्तीची. पाहुण्यांनी दीड तास एकच पालुपद लावलं: मुलींनो, फोटो टाकू नका. मुलांना मात्र चकार शब्द नाही. खरं तर कुणाच्या खासगी अंगांचा फोटो संमतीशिवाय काढणं किंवा पसरवणं हा आयटी कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे कायदा काढणाऱ्याला धरतो आणि आम्ही दटावतो कुणाला, तर जिचा फोटो काढला जातो तिला.

पुढच्या स्लाइडवर ६६अ! ‘आक्षेपार्ह पोस्ट टाकल्यास तुरुंग.’ मी खुर्चीत चुळबुळलो. हे कलम सुप्रीम कोर्टानं २४ मार्च २०१५ लाच रद्द केलंय. आणि तेही कुणाच्या याचिकेवर? श्रेया सिंघलच्या. निकाल लागला तेव्हा ती स्वतः कायद्याची विद्यार्थिनी होती. निमित्त आपल्याच पालघरचं: २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दल एका मुलीनं फेसबुकवर लिहिलं, दुसरीनं ते लाइक केलं आणि दोघींना अटक झाली. कॉलेजच्या पोरांना सांगायची गोष्ट खरं तर ही. ती राहिली बाजूला, आणि मेलेल्या कलमाची भीती तेवढी घातली.

बरं, हे सगळं ज्या पडद्यावर चाललं होतं त्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, पुसट अक्षरात ‘विंडोज ॲक्टिव्हेट करा’, म्हणजे विंडोजचा परवानाच नोंदलेला नाही. मागच्या बाकांवर खसखस पिकली. लॅबमधली निम्मी सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून आलीत, हे पोरांना पक्कं ठाऊक आहे. माहीत असून चोरटं सॉफ्टवेअर वापरलं तर कॉपीराइट कायद्याच्या ६३बी नुसार सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. (धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकतं. तेवढाच आम्हाला दिलासा.)

ऑफिसचं तर विचारूच नका. शिष्यवृत्तीची एक्सेल वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर: नाव, मोबाइल, आधार, बँक खातं, जात. एका मुलीनं ‘काढून टाका’ म्हटलं तर उत्तर आलं, “अगं, सगळे आपलेच आहेत!”

मीही धुतल्या तांदळाचा नाही. मागच्या सत्रात अंतर्गत गुण भरायला वेळ नव्हता, म्हणून माझा लॉगिन पासवर्ड एका विद्यार्थ्याला दिला. पोरानं इमानदारीत भरले. त्यानं दोन आकडे फिरवले असते तर आयटी कायद्याचं ६६सी, म्हणजे दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरण्याचं कलम, त्याच्यावर लागलं असतं आणि मी हळहळलो असतो, ‘काय ही आजची पिढी!’

म्हणून म्हणतो, पुढचं व्याख्यान आधी स्टाफरूममध्ये ठेवा. हजेरी सक्तीची.

त्या दिवशी जाताना लॅबच्या दारावर चिकटवलेला ॲडमिनच्या पासवर्डचा कागद मी काढून खिशात घातला. दुसऱ्या दिवशी शिपाईमामा शोधत आले, “सर, कागद कोणी काढला? साहेब चिडलेत.”

आज बघितलं, तो पुन्हा लागलाय. या वेळी लॅमिनेट करून.