वाचता येत नाही ते विष? दाढीच्या तेलावरच्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस तालमीच्या, कॉलेजच्या, गल्लीतल्या मंडळाच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय: 'दाढीच्या तेलावर जे नाव वाचता येत नाही ते केमिकल, म्हणजे विष. मिनरल ऑइल म्हणजे पेट्रोलचा गाळ. पॅराबेन फ्री असेल तरच घ्या. त्यापेक्षा घरचं एरंडेल-लिंबू लावा, महिन्यात दाढी भरते. रंगवायची तर काळी मेहंदी लावा, नैसर्गिक आहे, काही होत नाही.' कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझं औषधांचं दुकान आहे. पोरं मोबाइल पुढं करून विचारतात, "काका, खरं हाय का हे?" म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी ती न वाचता येणारी नावं. परवा एकानं घाबरून बाटलीच काउंटरवर ठेवली. यादीत सिमॉन्डसिया चायनेन्सिस, रिसिनस कम्युनिस आणि शेवटी टोकोफेरॉल. पहिलं जोजोबा, एका झुडपाच्या बियांचं तेल. दुसरं एरंडेल, म्हणजे मेसेजवाला जे लावा म्हणतोय तेच! तिसरं व्हिटॅमिन ई, तेल खवट होऊ नये म्हणून घालतात. बामच्या डबीवरचं सेरा अल्बा म्हणजे मधमाश्यांचं मेण. घाबरायचं सोडून क्रम बघा. १ टक्क्याहून जास्त असलेले घटक आपल्याकडच्या नियमांप्रमाणे उतरत्या क्रमानं छापावे लागतात. पुढं ठळक अक्षरात 'आर्गन' तेलाचं नाव आणि यादीत ते सुगंधाच्याही मागं असेल, तर ते नावापुरतंच आहे.

आणि 'केमिकल' या शब्दाला तर कोल्हापूरकरानं भ्यायचं कारणच नाही. गुऱ्हाळात रस उकळताना आपण भेंडीचं पाणी घालतो, चुना घालतो, मळी काढतो. चुना पडला म्हणून गुळाला कुणी विष म्हणत नाही. पण ढेप पिवळीधमक दिसली की हायड्रॉस, म्हणजे रंग उजळवायची पावडर, किती मारलाय, हे आपण विचारतोच. काय घातलं, कशाला घातलं, किती घातलं, हेच प्रश्न बाटलीला विचारा.

मिनरल ऑइल खनिज तेलापासूनच निघतं, एवढं खरं. कच्चं किंवा अर्धवट शुद्ध केलेलं तेल कर्करोगाला कारण ठरतं, हेही खरं. पण सौंदर्यप्रसाधनात वापरतात ते अतिशुद्ध केलेलं असतं. तेच लिक्विड पॅराफिन बद्धकोष्ठावर पोटात द्यायच्या औषधातही असतं. ते त्वचेचं पोषण करत नाही, ओल धरून ठेवतं. महाग बाटलीत पहिलं नाव तेच असेल तर पैसे जास्त घेतले म्हणून तक्रार करा, विष म्हणून नको.

पॅराबेनचं थोडक्यात सांगतो. ते जंतू वाढू नयेत म्हणून घालतात, आणि जंतूंना पाणी लागतं. निव्वळ तेलात पाणीच नसतं, त्यामुळं तेलाच्या बाटलीवर 'पॅराबेन फ्री' लिहिलं म्हणून चार पैसे जास्त मोजू नका.

एरंडेल लावा, खुशाल लावा. केस मऊ राहतात. पण दाढी भरते ती शरीरातल्या संप्रेरकांवर आणि घराण्यातल्या ठेवणीवर, तेलानं नवा केस उगवत नाही. मिनॉक्सिडिलचं नाव ऐकलं असेल, तर ते केस उगवण्यासाठीचं औषध आहे, तेल नव्हे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडाला लावू नका. लिंबू मात्र अजिबात नको. रस लावून उन्हात गेलात तर कातडी भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन् महिने जात नाहीत.

आता काळी मेहंदी. सगळा मेसेज एकीकडं आणि ही ओळ एकीकडं. खऱ्या मेहंदीचा रंग तांबूस-केशरी येतो, काळा येतच नाही. अर्ध्या तासात काळाभोर रंग देणाऱ्या पुडीत बहुतेक वेळा पीपीडी असतं, म्हणजे पॅराफेनिलीनडायअमाइन हे केस काळे करणारं कृत्रिम रसायन. माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलानं मित्राच्या लग्नासाठी शुक्रवारी संध्याकाळी एका सलूनमध्ये ती लावून घेतली. आधी दोनदा लावली होती, काही झालं नव्हतं. शनिवारी हनुवटी खाजायला लागली. रविवारी सकाळी दार उघडलं तर मी त्याला ओळखलं नाही. डोळे मिटलेले, गाल सुजलेले, दाढीच्या कडेनं पाणी गळतंय. लग्न राहिलं, त्वचारोगतज्ज्ञांकडं जावं लागलं. बहिणीनं सलूनमधून पुडी मागून आणली. पुढच्या बाजूला हिरवं पान, मागं नखाएवढ्या जागेत पीपीडी. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्माची असते. त्याला आता पीपीडी असलेला कुठलाही डाय लावता येणार नाही.

ज्यांना रंगवायचीच आहे त्यांनी कानामागं थोडासा रंग लावून ४८ तास थांबा, दर वेळी. खाज, लाली काहीही दिसलं तर ती पुडी परत हातात धरू नका.

आणि ज्यांनी ज्यांनी तो मेसेज पुढं पाठवलाय, त्यांना हात जोडून विनंती. बाकीचं राहू दे, पण काळ्या मेहंदीची ती ओळ चुकीची आहे, एवढं त्याच ग्रुपवर आजच लिहा.