पिरॅमिड आणि ‘लाखभर गुलाम’: हा मेसेज थांबवा

‘गिझाचा मोठा पिरॅमिड लाखभर गुलामांनी चाबकाच्या धाकाने बांधला’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. लाखाचा आकडा हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराचा, हा पिरॅमिड ज्याचा त्या खुफू राजानंतर दोन हजार वर्षांनी लिहिलेला. आणि तोही गुलाम म्हणत नाही. १९९० पासून पिरॅमिडच्या जवळच कामगारांच्या कबरी सापडल्या, परलोकासाठी भाकरी-बिअरच्या मडक्यांसकट. गुलामांना राजाच्या इतक्या जवळ असा मान मिळाला नसता. मोडलेली हाडं नीट जुळलेली दिसतात, म्हणजे उपचार होत. पाठीचे कणेही झिजलेत, काम जिवावरचं होतं, वेठीचंही असेल. लाल समुद्राकाठी वादी अल-जर्फला सापडलेल्या, खुफूच्याच काळातल्या पपायरसांत (लव्हाळ्याच्या कागदांत) मेरेर हा मुकादम तुरा इथल्या खाणीतला चुनखडक नावेने गिझाला नेल्याची रोजची नोंद ठेवतो. मेसेज पुढे पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.