मॅनेजरला खरखर ऐकू येत नाही, कारण आपण ती झाकतो

क्लबचा मिक्सर, म्हणजे वेगवेगळ्या प्लेयरची गाणी एकत्र मिसळायचं यंत्र, वर्षानुवर्षं खराब राहतो, त्याला मॅनेजरच्या काटकसरीपेक्षा आपण डीजे मंडळी जास्त जबाबदार आहोत असं माझं मत आहे. बऱ्याच जणांना पटणार नाही. तरी लिहितो.

बूथमध्ये, म्हणजे डीजे उभा राहून वाजवतो त्या जागेत, शिरल्यावर काय होतं ते आठवा. आधी वाजवणारा हेडफोन गुंडाळता गुंडाळता कानात सांगतो, "डावीकडच्या प्लेयरचं क्यूचं बटण दोनदा दाबावं लागतं, तीन नंबरचा चॅनेल वापरू नकोस, आणि हेडफोनचा जॅक जरा वर उचलून धर." सेट संपला की हेच आपण पुढच्याला सांगतो. गावातल्या प्रत्येक डीजेला त्या बूथचे आजार तोंडपाठ असतात. खर्च मंजूर करून घेणं ज्याच्या हातात आहे, त्याला सोडून सगळ्यांना.

मॅनेजर उभा असतो बारपाशी नाहीतर दारात. तिथून त्याला एवढंच कळतं की गाणं चालू आहे आणि लोक नाचताहेत. एक चॅनेल गेला की आपण दुसऱ्यावर सरकतो. प्लेयरनं पेनड्राइव्ह सोडला की दुसऱ्या बाजूचा लूप (गाण्याचा पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) फिरवत वेळ मारून नेतो. काहीजण तर गुपचूप स्वतःचा कंट्रोलर (प्लेयर आणि मिक्सरचं काम एकत्र करणारं यंत्र) घेऊन जातात आणि क्लबच्या सेटला हातच लावत नाहीत. म्हणजे डीजे जितका तयारीचा, तितका बिघाड बेमालूम झाकला जातो. मग "काल तर मस्त वाजलं की!" असं मॅनेजर म्हणाला, तर त्यात त्याचं काय चुकलं?

दुसरी गोष्ट, तक्रार कशाची करायची हेच आपण ठरवत नाही. जुनं आणि बिघडलेलं यात फरक आहे. सीडीजे-२००० हे प्लेयरचं मॉडेल २००९ सालचं. ते धडधाकट असेल तर त्यावर पूर्ण रात्र वाजवता येते. फ्लॅक (दर्जा न घटवता आकार कमी केलेली) फाइल त्याला वाचता येत नाही, ती सोय २०१६ च्या नेक्सस टू मॉडेलमध्ये आली. तेव्हा वेव्ह किंवा एमपीथ्री घेऊन जा, पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा आणि गप वाजवा. टेक्निक्सचे एसएल-१२०० एमके२ टर्नटेबल १९७९ साली आले; निगा राखली तिथे आजही फिरताहेत. "सीडीजे-३००० का नाही?" हे वाक्य मॅनेजरच्या कानावर एकदा पडलं की त्यापुढची प्रत्येक तक्रार त्याच्या लेखी नखरा ठरते. खरा बिघाड वेगळा असतो. पूर्ण खाली ओढल्यावरही आवाज झिरपू देणारा फेडर, म्हणजे चॅनेलचा आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी. एका बाजूनं मधेच गप्प होणारी केबल. हात लावला की संपर्क तुटणारं यूएसबीचं पोर्ट.

आणि बूथ मॉनिटर, म्हणजे डीजेसाठी बूथमध्येच लावलेला स्पीकर, नसणं. यावर जरा थांबतो, कारण मॅनेजरला यातलं काहीच माहीत नसतं आणि ते त्याला अगदी सहज समजावता येतं. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरमागे साधारण ३ मिलिसेकंद लागतात. मुख्य स्पीकर बूथपासून १० मीटरवर असतील तर त्यांचा आवाज आपल्यापर्यंत जवळपास २९ मिलिसेकंद उशिरा येतो. हेडफोनमधला ट्रॅक मात्र लगेच ऐकू येतो. १२५ बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२५ बीटच्या वेगाला, एक बीट ४८० मिलिसेकंदांची. त्यात २९ मिलिसेकंदांची चूक म्हणजे दोन ट्रॅकच्या किक (ड्रमचे ठोके) एकमेकांवर न बसता घोड्याच्या टापांसारख्या मागेपुढे पडणार. आपण बूथमध्ये जे तंतोतंत जुळवलं, तेच फ्लोअरवर घसरलेलं ऐकू येतं. दोन्ही ट्रॅक हेडफोनमध्येच मिसळून यातून वाट काढता येते, मान्य. पण मग हेडफोन रात्रभर कानावर आणि आवाज चढत जाणारा. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेची कामगारांसाठी शिफारस आहे ८५ डेसिबलला ८ तासांची, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. हिशेब करत गेलात तर १०० डेसिबलला १५ मिनिटं उरतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये क्लब आणि कार्यक्रमांच्या जागांसाठी मानक काढलं, त्यातही १५ मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबलची मर्यादा आहे. बारमागे उभी असलेली पोरं रोज त्याच आवाजात असतात. म्हणून आवाजाचा विषय काढताना फक्त स्वतःच्या कानांबद्दल बोलू नका, त्यांच्याही कानांबद्दल बोला.

आता बोलायचं कधी? सेट संपल्यावर, घामाघूम अवस्थेत, तो गल्ला मोजत असताना तर नाहीच. डीजेंच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टोमणे मारूनही नाही. (त्या ग्रुपमधलं कुणीतरी त्याला स्क्रीनशॉट पाठवतंच.) दुपारी जा, क्लब रिकामा असताना, ट्यूबलाइट चालू असताना. फोन करून वेळ घ्या आणि त्याला बूथमध्ये उभं करा. हेडफोन त्याच्या कानावर द्या, फेडर त्याच्याच हातानं वरखाली करायला सांगा. खरखर एकदा स्वतःच्या बोटाखाली जाणवली की पुढचं भाषण वाचतं.

"सर, काल वाजलं कारण मी तीन नंबरचा चॅनेल वापरलाच नाही. पुढच्या शनिवारी पाहुणा डीजे येईल, त्याला हे कोण सांगणार?"

"साऊंड मेलाय", "पंच नाही", "व्हाइब जाते" असल्या भाषेनं मॅनेजरच्या डोक्यात काही उजेड पडत नाही. त्याचं डोकं वेगळ्याच गोष्टींत असतं. भर गर्दीच्या तासात आवाज गेला तर लोक बिल मागतील का? बाहेरचा डीजे टेक्निकल रायडर (आपल्याला लागणाऱ्या सामानाची यादी) पाठवतो, त्यातलं सामान आपल्याकडे नाही म्हणून दर वेळी भाड्यानं किती जातात? हे भाड्याचे आकडे त्याच्याकडेच असतात, फक्त ते त्यानं मिक्सरच्या दुरुस्तीशेजारी मांडून पाहिलेले नसतात. ते काम आपण करायचं.

आणि एक बाब आपण कायम विसरतो: मॅनेजर बहुतेक वेळा मालक नसतो. त्यालाही वर जाऊन कुणाला तरी पटवायचं असतं. तोंडी तक्रार त्याच्यापाशीच विरते. चार ओळी लिहून द्या, सोबत मोबाइलवर काढलेला छोटा व्हिडिओ: काय बिघडलंय, दुरुस्त होईल की बदलावं लागेल, कोण करून देईल, तोवर काय चालवायचं. असा मेसेज तो जसाच्या तसा पुढे ढकलू शकतो. नुसत्या वैतागाचा त्याला काही उपयोग नाही. तंत्रज्ञाला आधी विचारून गेलात तर फारच उत्तम, कारण कितीतरी वेळा मिक्सर मेलेला नसतोच. फेडरमध्ये सांडलेल्या पेयाचा चिकटा असतो, वर स्मोक मशीनच्या धुराचा थर आणि धूळ. फेडर हा सुटा मिळणारा, बदलता येणारा भाग आहे. एका फेडरपायी नवा मिक्सर मागणाऱ्याला नकार मिळाला तर तो योग्यच म्हणायचा.

उलट मारा होणारच, त्याची तयारी ठेवा. "तुम्हीच लोक मीटरचा लाल दिवा लागेपर्यंत आवाज चढवून वाजवता आणि मिक्सरवर ग्लास ठेवता." हा आरोप खरा आहे. मीटर लाल झाला की आवाज मोठा होत नाही, फाटतो. आणि क्षमतेबाहेर ढकलून क्लिप होणाऱ्या अ‍ॅम्पचा फटका बऱ्याचदा ट्वीटरला (बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरला) बसतो. तेव्हा वाद न घालता तिथल्या तिथे कबूल करा आणि ग्लाससाठी बूथबाहेर एक फळी मागून घ्या. मिक्सरवर टाकायला कव्हरही मागा. या दोन मागण्यांना नाही म्हणणारा मॅनेजर मी अजून पाहिलेला नाही.

एका बाबतीत मात्र दुपार, वेळ घेणं, गोड बोलणं यातलं काही नको. मिक्सरच्या पत्र्याला किंवा माइकला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ती साऊंडची तक्रार नाही, अर्थिंगची आहे. वाजवणं तिथेच थांबवा आणि इलेक्ट्रिशियननं तपासेपर्यंत कशालाही हात लावू नका. हम (स्पीकरमधली सततची घरघर) घालवायला प्लगची अर्थ पिन तोडणारे महाभाग मी पाहिलेत. हम जाते, आणि बिघाड झाला की करंट जायला वाट उरते ती तुमच्यातून. हम घालवायची असेल तर सगळं ऑडिओ सामान एकाच सर्किटवर घ्या, लाइटच्या डिमरपासून लांब ठेवा, तरी राहिली तर ऑडिओ केबलच्या मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन सामानांमधला विजेचा थेट संबंध तोडणारा डबा) लावा.

स्वतःचा कंट्रोलर नेण्याबद्दल. अडीनडीला न्या, पण सांगून न्या, आणि का आणला तेही सांगा. क्लबला कायम तुमच्याच सामानावर रात्र काढायची असेल तर तो मुद्दा मानधनात आला पाहिजे. शिवाय दुसऱ्याचा सेट चालू असताना अंधारात मिक्सरच्या मागे केबल उपसत बसलं की सगळा फ्लोअर "फट्" असा आवाज ऐकतो, आणि शिव्या त्या बिचाऱ्या वाजवणाऱ्याला बसतात.

"हे सगळं ठीक आहे, पण मी बोललो तर पुढच्या आठवड्यात माझ्या जागी दुसरा दिसेल." ही भीती खोटी नाही, विशेषतः सुरुवातीचा तास वाजवणाऱ्या नव्या पोरांची. म्हणूनच मला वाटतं की हे बोलायचं काम रेसिडेंट, म्हणजे त्या क्लबात कायम वाजवणाऱ्या, डीजेचं आहे. आठवड्यातून अनेक रात्री तोच त्या बूथमध्ये असतो, मॅनेजर त्याला नावानं ओळखतो, आणि सामान सुधारलं तर सगळ्यात जास्त फायदाही त्याचाच. नव्यांना पुढे करून आपण मागे राहणारे रेसिडेंट मला अजिबात आवडत नाहीत.

नव्यांसाठी एक साधा मार्ग आहे: बूथमध्ये वही ठेवायची. तारीख, काय बिघडलं, कोण वाजवत होतं, बस. एकच तक्रार वेगवेगळ्या अक्षरांत पानभर दिसली की ती कुणा एकाची कुरकुर राहत नाही, आणि वही मॅनेजरच्या टेबलावर ठेवायला फार धाडसही लागत नाही. फक्त वहीला पेन दोरीनं बांधा. नाहीतर पहिल्याच रात्री कुणीतरी ऑर्डर लिहायला म्हणून घेऊन जाईल.