आधी उतार बघा, मग हद्द

माझी पिठाची गिरणी आहे, नाशिक शहराच्या अगदी कडेला. नेमकी कुठे ते लिहीत नाही, कारण दोन्ही ऑफिसांत माझं काम अजून अडकलंय आणि साहेब लोकही फेसबुक बघतात. एवढंच सांगते की गिरणीसमोरच्या रस्त्याच्या मधोमध दोन स्थानिक संस्थांची हद्द जाते. अलीकडच्या घरांची घरपट्टी एकीकडे, पलीकडच्यांची दुसरीकडे. दळण मात्र दोन्हीकडचं माझ्याकडेच येतं, त्यामुळे गाऱ्हाणीही दोन्हीकडची ऐकावी लागतात.

पावणेदोन वर्षं गिरणीसमोरचं गटाराचं चेंबर वाहत होतं. सकाळी नळ आले, घराघरांतून पाणी सुटलं की झाकणाच्या कडेने बुडबुडे सुरू. साडेदहापर्यंत रस्ता ओला. मी विटा मांडून ठेवल्या होत्या, त्यावरून बायका गव्हाचे डबे सांभाळत यायच्या. अलीकडच्या ऑफिसात अर्ज दिला, पोच घेतली. उत्तर आलं, चेंबर आमचं आहे, पण तुंबतंय ते पुढे, आणि पुढची लाईन त्यांची. पलीकडे गेले. ते म्हणाले, लाईन आमची, पण पाणी तुमच्याकडचं. दोघांचंही खरं होतं आणि पाणी रस्त्यावरच होतं.

मध्येच अलीकडच्या बाजूने रस्ता झाला. अर्धा! हद्दीपर्यंत काळंभोर डांबर, तिथून पुढे जुने खड्डे, आणि मधोमध चार बोटं उंचीची कड. हद्द नेमकी कुठून जाते हे आमच्या गल्लीला तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. त्या कडेवर शेजारच्या काकांची स्कूटर घसरली, खांद्याचं हाड मोडलं. तक्रार कुणाकडे करायची यावरही घोळ झाला, कारण चाक घसरलं अलीकडे आणि काका पडले पलीकडे. हसू नका, हे खरंच विचारलं गेलं.

अशी पोस्ट टाकली की खाली पहिली कमेंट ठरलेली असते, "सगळं महापालिकेत विलीन करून टाका, प्रश्नच मिटेल." मिटत नाही हो. आपली नाशिक महापालिका १९८२ साली विलीनीकरणातूनच झाली. वेगवेगळ्या नगरपालिका आणि आजूबाजूची वीसेक गावं एका छताखाली आली. त्याला चार दशकं उलटून गेली, तरी एका आठवड्यात डांबर पडतं आणि दुसऱ्या आठवड्यात त्याच रस्त्यावर पाण्याच्या लाईनसाठी जेसीबी येतो, हे पंचवटीपासून सिडकोपर्यंत कुणाला नवीन आहे का? बांधकाम विभाग, पाणीपुरवठा आणि भुयारी गटार, तिघांवर आयुक्त एकच. एकाच घरात जावा जावा बोलत नाहीत, तिथे भिंत पाडून दोन घरं एक केल्याने काय होणार?

देवळाली कॅम्पचा नागरी भाग शेजारच्या महापालिकेला जोडायची चर्चाही गेली काही वर्षं चालू आहे. होईल तेव्हा होईल. तोवर ही कॅन्टोन्मेंट, म्हणजे लष्करी छावणी, संरक्षण मंत्रालयाच्या कायद्याने चालणार, भगूरची नगरपरिषद वेगळी राहणार, ग्रामपंचायती जिल्हा परिषदेकडे, औद्योगिक वसाहतीतले रस्ते एमआयडीसीकडे आणि हायवेचा सर्व्हिस रोड हायवेवाल्यांकडे. यावरून आठवलं, इंग्रजांच्या काळात मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत सोल्जर देवळालीच्या छावणीत महिनोन्‌महिने पडून असायचे आणि काहींच्या डोक्यावर परिणाम व्हायचा. इंग्रजीत भ्रमिष्टाला 'डुलाली' म्हणतात ते आपल्या देवळालीवरून. ऑफिसच्या एनओसीची, म्हणजे ना हरकत दाखल्याची, वाट बघून तेच होतं, हे मी स्वानुभवाने सांगते.

आता आमचं काम कसं हललं ते ऐका. दोन्ही ऑफिसांचे जेई, म्हणजे ज्युनिअर इंजिनिअर, वेगवेगळ्या वेळी येऊन जायचे. अलीकडचे सकाळी, पलीकडचे दुपारी. जणू मुलगा-मुलगी बघायचा कार्यक्रम, पण दोघं कधी समोरासमोर नाहीत. शेवटी मी दोघांना एकाच दिवशी, एकाच वेळी बोलावलं. एकमेकांना सांगितलं नाही, माझी लबाडी. गिरणीच्या ओट्यावर चहा झाला. पोरंच होती दोघं, पंचविशी-तिशीतली. मग कळलं की एकाच कॉलेजात शिकलेली, दोन वर्षं मागे-पुढे! पलीकडच्याने लेव्हल मशीन मागवलं आणि दोन्ही चेंबरच्या तळाची पातळी त्यांनी एकत्र मोजली.

पुढचा चेंबर आमच्या चेंबरपेक्षा उंच निघाला. फार नाही, वीतभर.

गिरणीत दाणा वरून टाकला की खाली येतो, खालून वर जात नाही. हे माझ्या नातवाला कळतं. गटाराची लाईन पंपावर नाही, उतारावर चालते. पाणी सेकंदाला साधारण दोन फूट तरी धावलं पाहिजे, नाहीतर गाळ तळाला बसतो, असं त्या पोरानेच समजावून सांगितलं. इथे तर चढ होता. कुणीतरी कधीतरी आपल्या हद्दीपुरतं एस्टिमेट केलं, आपल्या हद्दीपुरता पाईप टाकला, आणि दोन नकाशे शेजारी ठेवून कुणी पाहिलेच नाहीत. पावणेदोन वर्षं तुंबलेली लाईन साफ करायला जेटिंग मशीन येत होतं, सक्शनची गाडी येत होती, प्रत्येक फेरीचं बिल निघत होतं. आणि दुखणं वीतभर उंचीचं!

उपायही त्यांनीच काढला. पलीकडे चाळीसेक फुटांवर दुसरा चेंबर खाली आहे, त्यात लाईन जोडायची. एका पानाचा संयुक्त पाहणी अहवाल, दोघांच्या सह्या. खर्च कोणत्या हेडमधून करायचा यात पुढे चार महिने गेले, तो भाग गाळते.

मला म्हणायचंय ते एवढंच. विलीनीकरण, नवं प्राधिकरण, ॲप हे सगळं नंतर. आधी हद्दीवरच्या प्रत्येक चेंबरची पातळी दोघांनी मिळून एकदा मोजा. आणि दरवर्षी उन्हाळ्यात, टेंडर निघायच्या आत, शेजारच्या संस्थांच्या इंजिनिअरांनी एका टेबलाशी बसून ठरवा की यंदा कुठला रस्ता कोण करतंय. आधी गटार, मग पाणी, मग केबलवाले, सगळ्यात शेवटी डांबर. कायदा आडवा येत नाही. महापालिकेच्या कायद्यात आणि कॅन्टोन्मेंटच्या २००६ च्या कायद्यातही शेजारच्या संस्थेबरोबर मिळून काम करायची सोय आहे. वापरत कुणी नाही.

आणि हे फक्त आमच्या गल्लीचं रडगाणं नाही. भगूर दारणेच्या काठी आहे. तीच दारणा पुढे चेहेडीला येते, जिथे वालदेवी तिला मिळते आणि जिथून नाशिकरोडसाठी पिण्याचं पाणी उचलतात. त्र्यंबकहून निघालेली गोदा गंगापूर धरणात येते, ते आपण पितो. आपलं पाणी पुढे निफाडकडे जातं, सायखेड्याच्या पुलाला पाणवेली अडकतात, आणि त्याखाली नांदूरमध्यमेश्वर, २०२० साली जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेलं पाणपक्ष्यांचं ठिकाण. म्हणजे प्रत्येक जण कुणाच्या तरी वरच्या अंगाला आहे आणि कुणाच्या तरी खालच्या. वरच्याने गटार सोडायचं, खालच्याने तुरटी वाढवायची, आणि दोघांनी आपापल्या हद्दीत काम चोख असल्याचा अहवाल द्यायचा.

एकत्र बसता येत नाही असंही नाही. सिंहस्थ आला की बसतातच ना! २०२७ साठी कायदा करून वेगळं प्राधिकरण झालं. त्र्यंबकची नगरपरिषद, महापालिका, पोलीस, रेल्वे, सगळे एका बैठकीत. साधूंसाठी जमतं ते आमच्यासाठी बारा वर्षांतून एकदाच का? कुंभाच्या नावाने शहरभर खोदाई चालली आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त खोदलेला प्रत्येक चर बुजवताना थर देऊन, पाणी मारून, धुमसाने ठोकून बुजवा. आपल्याकडची काळी माती नुसती ढकलून वर मुरूम टाकला की पहिल्या पावसात खचते. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पुराचं पाणी लागायची वाट बघावी लागत नाही.

मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत महापालिकेत नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. आता नगरसेवक आहेत. कुणी वाचत असेल तर एक विनंती, हद्दीवरच्या गल्ल्यांत या, पण एकटे येऊ नका. पलीकडच्यांना घेऊन या. चहा माझ्याकडे.

आमची जोडणी गेल्या आठवड्यात झाली. चेंबर आता वाहत नाही, विटा उचलल्या. चर बुजवलाय, वर मुरूम आहे. मी मुकादमाला म्हटलं, दादा, यावर रोलर फिरवा म्हणजे नंतर खचायचं नाही. तो म्हणाला, "ताई, फिरवला असता, पण रोलर पलीकडच्या ऑफिसचा आहे."

दोन्ही पोरांना फोन लावलाय. मंगळवारी येतो म्हणालेत, एकाच वेळी.