बाजीप्रभूंचे पॉइंट किती?

रात्री साडेअकराला मी मन्याला फोन केला. “बाजीप्रभू एकशे वीसला देतोस का?”

“वेड लागलंय का? दोनशेच्या खाली एक पैसा नाही.”

“दोनशेत मला दोन हत्ती येतात.”

“मग घे हत्ती. घाल खिंडीत, आणि बस बघत.”

पलंगाच्या दुसऱ्या कडेवरून हे ऐकणाऱ्या बाईला आपला नवरा पुरातन मूर्तींची तस्करी करतो असं वाटलं असतं. माझी बायको आता सरावली आहे. कूस बदलत ती म्हणाली, “दीडशेला मिटवा आणि झोपा.” दीडशेलाच मिटलं.

आमच्या जेवणाच्या टेबलावर दर दुसऱ्या रविवारी लढाई असते. थर्माकोलचे डोंगर, हिरव्या रंगात बुडवलेल्या स्पंजची झाडी, दगडगोट्यांच्या जागी मोहरी, आणि २८ मिलिमीटर उंचीचे सैनिक. प्रत्येक सैनिकाला आकडे असतात: हल्ला किती, बचाव किती, धीर किती, चाल किती इंच. आकडे जितके मोठे तितके त्या सैनिकाचे पॉइंट जास्त. दोघांनी हजार-हजार पॉइंटचं सैन्य मांडायचं, म्हणजे सामना बरोबरीचा. मग फासे.

बंदुकीचा पल्ला आम्ही बारा इंच धरला आहे. या मापात एक इंच म्हणजे साधारण पाच फूट, म्हणजे आमची बंदूक साठ फुटांवर दम तोडते. आमच्या वाड्यात माडीवरून भिरकावलेली चप्पल यापेक्षा लांब जायची. पण पल्ला खरा धरला तर शत्रूला शेजाऱ्यांच्या बाल्कनीत उभं करावं लागतं, आणि शेजाऱ्यांशी आमचे संबंध तितके चांगले नाहीत.

अडचण पल्ल्याची नाहीच. अडचण अशी की मी आणि मन्या चौथीला एकाच बाकावर होतो, आणि आमच्या डोक्यात मावळा बसलाय तो चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकातला. तो एकटा दहांना भारी असतो. आता मन्याचा आदिलशाही प्यादा आठ पॉइंटचा. मावळा दहांना भारी, म्हणजे झाला ऐंशीचा. हजाराला ऐंशीने भागा. साडेबारा. अर्धा मावळा मिळत नाही. बारा मावळ नावाचा अख्खा प्रदेश होता, माझ्या वाट्याला आले बारा मावळे.

बरं, हे बारा टिकतील म्हणावं, तर फासा इतिहास वाचत नाही. मावळ्याचा वार दोनपासून पुढे लागतो, हे मान्य. पण एक यायचा तेव्हा येतोच. एका मावळ्यासाठी मी दोन रात्री भिंग लावून बसलो होतो. तुरीच्या डाळीएवढा चेहरा, त्यावर तीन शून्याच्या ब्रशने मिशी. डावीकडचं टोक वर गेलं आणि उजवीकडचं घसरून हनुवटीवर आलं, म्हणून तिसरी रात्र. मुंडाशाला बायकोच्या जुन्या पैठणीच्या काठासारखी किनार. हा गडी टेबलावर उतरला आणि पहिल्याच फेरीत मन्याच्या एका तिरंदाजाने, ज्याला मन्याने रंगसुद्धा दिलेला नव्हता, त्याला लोळवला. ऐंशी पॉइंट आणि तीन रात्री.

दुसऱ्या वेळी मी उलट केलं. सगळे मावळे आठ पॉइंटचे, सव्वाशे नग. पण मग मावळा आणि आदिलशाही प्यादा यांत फरक उरला तो मुंडाशाचा. अर्धाअधिक वार फुकट, अंगात चिलखत नाही म्हणून बचाव नाही, धीर बेताचा. जिंकलो, पण चेहरा हरल्यासारखा. मन्याने विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “हे मावळे वाटतच नव्हते रे. आठवडी बाजाराची गर्दी वाटत होती.”

कीर्ती द्यावी तर माणसं उरत नाहीत, माणसं घ्यावीत तर कीर्ती उरत नाही. शिवाय पॉइंट दोन्हीकडे सारखे असावेत हा या खेळाचा पाया, आणि आपल्या बखरी-पोवाड्यांना गोडी येते ती पॉइंट सारखे नसल्यामुळे. घोडखिंडीत तीनशे माणसं राहिली होती असं सांगतात. समोर सिद्दी मसूदचं सैन्यही तीनशेच असतं, तर तिची पावनखिंड कशाला झाली असती?

तेव्हा आकड्यांना हात न लावता महती नियमांत घालायची, असं आमच्यात ठरलं. त्यासाठी मराठी भाषेइतकं तयार नियमपुस्तक जगात नसेल. बुराडी घाटावर दत्ताजी शिंद्यांच्या तोंडी असलेलं ‘बचेंगे तो और भी लढेंगे’ हे वाक्य घ्या. हा सरळसरळ बचावाचा फासा आहे: पाच-सहा आला तर बचेंगे, मग पुढच्या फेरीत और भी लढेंगे. (१७६० च्या जानेवारीत तो फासा पडला नाही.) संताजी-धनाजींची तुकडी टेबलावर असेल तर मोगल घोडदळाने नदी ओलांडताना फासा टाकावा, एक आला तर घोड्यांना ते दोघे पाण्यात दिसले, एक फेरी फुकट. ‘गड आला पण सिंह गेला’ हा तर गुणमोजणीचाच नियम: गडाचे वीस मिळवा, सिंहाचे पंधरा वजा करा. पानिपतानंतर दक्षिणेकडे निघालेल्या निरोपात दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, असं होतं म्हणतात. ते लहानपणापासून ऐकताना घशात आवंढा येतो. पण मागच्या दिवाळीत मन्या एकदम म्हणाला, “अरे, ही पॉइंट सिस्टिम आहे!” दोन मिनिटं दोघंही गप्प बसलो. आमच्या याद्यांत तेव्हापासून सरदारांचा रकाना मोती, पथकांचा मोहरा आणि उरलेल्यांचा खुर्दा असा असतो.

एकच नियम इतिहासातला नसून घरातला आहे: महाराजांवर कुणी फासा टाकायचा नाही. हा दोघांच्या आयांनी घातला.

आणि बाजीप्रभूंचा नियम असा: विशाळगडावरून तोफांचे पाच बार होईपर्यंत बाजीप्रभू पडत नाहीत. जखमा मोजायच्या, बाहुली उचलायची नाही. मन्याने हे एका शब्दाने न कुरकुरता मान्य केलं. चौथीतला तो बाक त्याचाही होता.

दीडशेला सौदा मिटल्यानंतरच्या रविवारी खिंड मांडली. दोन्ही बाजूंना जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या रचून वर थर्माकोल, मधून दोन माणसं जातील एवढीच वाट. टेबलाच्या त्या टोकाला विशाळगड, म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा. महाराजांची चाल फेरीला ‘सहा इंचांपर्यंत’.

तिसऱ्या फेरीत मला त्या ‘पर्यंत’ची किंमत कळली. बार होईस्तोवर बाजी पडत नाहीत. महाराज गडावर पोचल्याशिवाय बार होत नाहीत. मग महाराजांना घाई काय आहे? मी त्यांना अर्धा इंच सरकवलं.

“महाराज विशाळगडाला निघालेत की शतपावलीला?” मन्या म्हणाला.

“आषाढ आहे. निसरडं झालंय.”

आठव्या फेरीपर्यंत बाजीप्रभूंच्या नावावर एक्केचाळीस जखमा आणि मसूदची त्र्याण्णव माणसं जमा होती. मन्याचं सैन्य खिंडीत शिरत होतं आणि त्याच्या खोक्यात परत जात होतं. महाराज बिस्किटांच्या डब्यापासून दोन फुटांवर दऱ्याखोऱ्यांची शोभा बघत उभे होते.

अशा वेळी नाना आले. नाना म्हणजे बायकोचे काका, शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेले. मन्याने घाईघाईने त्यांना पंच केलं. माझी हरकत होती, पण या खेळाच्या खानदानात पंचाचा मान मोठा आहे. १८२४ मध्ये प्रशियाच्या राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटाने सैन्यासाठी असा खेळ बसवला, त्यात फासे होते, तक्ते होते आणि वर पंचही होता. पुढे १८७६ मध्ये व्हेर्दी द्यू व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने फासे-तक्त्यांना फाटा देऊन अनुभवी पंच सांगेल तेच खरं असं ठेवलं. हे मन्यानेच नानांना ऐकवलं. नानांना व्हेर्दी एकदम पटला.

त्यांनी चष्मा वर करून टेबल पाहिलं. “ही घोडखिंड?”

“हो नाना.”

“आणि गडाखालचा वेढा कुठाय? सूर्यराव सुर्वे, जसवंतराव दळवी? महाराजांना तो फोडून वर जावं लागलं होतं. काय वाचता रे तुम्ही?”

मन्याने टाळी वाजवली. ल्युडोच्या सोळा सोंगट्या सुर्वे-दळवी म्हणून विशाळगडाखाली उभ्या राहिल्या. मी म्हटलं, “नाना, याचे हजार पॉइंट कधीच संपलेत!”

नाना म्हणाले, “महाराजांनी तेव्हा कुणाकडे तक्रार केली होती?”

मला आतून आनंदच झाला. वेढा म्हणजे आणखी उशीर, उशीर म्हणजे आणखी बाजीप्रभू. पण मन्या वीस वर्षं हिशेबतपासनीस आहे, त्यालाही ते तेवढ्याच वेळात कळलं. त्याने सोंगट्यांवर हात ठेवला आणि लाल-पिवळ्या डावीकडे, हिरव्या-निळ्या उजवीकडे सरकवून गडाच्या दारापर्यंत लग्नाच्या वरातीला करतात तशी स्वच्छ वाट करून दिली.

“या महाराज,” मन्या हात जोडून म्हणाला. “सावकाश या, पण या.”

“अरे, तू आदिलशाहीचा आहेस ना?” नाना कडाडले.

“म्हणूनच तर, नाना! यांना गडावर घातल्याशिवाय ते पडत नाहीत!”

“आणि तू?” नाना माझ्याकडे वळले. “तू महाराजांना का अडवतोयस?”

मी मराठ्यांच्या बाजूने महाराजांना गडापासून लांब ठेवत होतो आणि सिद्दी मसूद त्यांना पायघड्या घालत होता. नियम चोख पाळले होते. नानांनी एकदा खिंडीकडे, एकदा डब्याकडे पाहिलं, व्हेर्दीचं स्मरण केलं आणि महाराजांना दोन बोटांत अलगद धरून गडावर नेऊन ठेवलं.

“आता बार.”

“नाना, ते केव्हा करायचे हे नियमात नाही,” मी म्हणालो. “तोफा माझ्या आहेत. पावसात दारू भिजलीय.”

“तोफा तुझ्या, पण बार कधी ते मी सांगणार.” इतक्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. नानांनी तर्जनी वर केली. “एक.”

“नाना, हे काहीतरीच!”

“पंच मी आहे.” दुसरी शिट्टी. “दोन.”

“काय लावलंय गं?” मी ओरडून विचारलं.

“छोले!” आतून उत्तर आलं. “पाच शिट्ट्या!”

मन्याने डोळे मिटून हात जोडले. तिसरी झाली. खिंडीत आता बाजीप्रभू आणि तीन मावळे उरले होते, त्यातला एक तो, दोन टोकांच्या मिशीचा, मी परत उभा केलेला. मी त्या फेरीत बाजींचे दहाही फासे टाकले, नऊ लागले. चौथी शिट्टी झाली. मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठलो, तर मन्याने माझा सदरा धरला.

“अरे, चारच झाल्यात,” आतून बायको म्हणाली, “पण शिजले असतील. करू का बंद?”

“कर!” मी म्हणालो.

“नको, वहिनी!” मन्या ओरडला.

नाना काहीच बोलले नाहीत. त्यांचं लक्ष आमच्याकडे नव्हतंच. चष्मा काढून ते धोतराच्या सोग्याने पुसत खिंडीकडे बघत बसले होते.

आत कुकर फुरफुरायला लागला.